अमेरिकेतील काउंटीचे दप्तर : पाहण्याचा हक्क आणि मागण्याचा हक्क

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांचा काउंटीच्या, म्हणजे राज्याखालील जिल्ह्यासारख्या विभागाच्या, कचेरीशी कधी ना कधी संबंध येतोच. घर घेतले की त्याचे खरेदीखत बहुतेक राज्यांत काउंटीत नोंदले जाते, अनेक राज्यांत विवाहाचा परवाना तेथूनच मिळतो, आणि मुलाच्या ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्डासाठी जन्मदाखल्याची प्रमाणित प्रत काढायची झाल्यास कॅलिफोर्नियासारख्या राज्यात काउंटीकडे अर्ज करता येतो. एखादा कागद हवा झाला की पुष्कळ जण 'फ्रीडम ऑफ इन्फर्मेशन अ‍ॅक्ट' या १९६६ च्या कायद्याचा हवाला देऊन अर्ज लिहितात, आणि तो अर्ज परत येतो. हा कायदा केंद्र सरकारच्या खात्यांपुरता आहे. काउंटीला तो लागूच होत नाही. काउंटीच्या कागदांना राज्याचे कायदे लागू होतात, आणि त्या कायद्यांच्याही आधीपासून चालत आलेली एक जुनी वहिवाट त्यांच्यामागे आहे.

ही वहिवाट आणि नंतरचे कायदे या दोन वेगळ्या परंपरा आहेत. पहिली जमिनीच्या खरेदी-विक्रीतून सतराव्या शतकात उभी राहिली. दुसरी सरकारला जाब विचारण्याच्या गरजेतून मुख्यतः विसाव्या शतकात आली. पहिल्या परंपरेतील कागद कोणीही कारण न सांगता पाहू शकतो, तर दुसऱ्या परंपरेतील कागदासाठी मागणी करावी लागते आणि कचेरीला ठरावीक मुदतीत उत्तर द्यावे लागते. आपल्याला हवा असलेला कागद यांपैकी कोणत्या परंपरेतला आहे हे आधी ओळखले, तर बरीचशी धावपळ वाचते, असे माझे स्पष्ट मत आहे. म्हणूनच हा इतिहास थोडा तपशिलात पाहणे योग्य ठरेल.

इंग्लंडमध्ये त्या काळी जमिनीची खते मालकाच्या घरी पेटीत असत आणि मालकी सिद्ध करायची झाल्यास तीच बाहेर काढली जात. नव्या वसाहतींत ही पद्धत टिकणे शक्य नव्हते. जमीन भराभर हातोहात जात होती आणि कोणती जमीन कोणाची हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असलेला शेजारही तेथे नव्हता. मॅसॅच्युसेट्स बे वसाहतीने १६४० साली नियम केला की, जमिनीची विक्री किंवा गहाण नोंदवलेले नसेल आणि जमीन देणाऱ्याच्याच ताब्यात राहिली असेल, तर तो व्यवहार इतरांविरुद्ध ग्राह्य धरला जाणार नाही. १६४३ मध्ये तेथे काउंट्या स्थापन झाल्या. त्याआधीच, १६३४ मध्ये, व्हर्जिनियात आठ काउंट्या आखल्या गेल्या होत्या, आणि तेथील नॉर्थॅम्प्टन काउंटीच्या ईस्टव्हिल गावी काउंटी न्यायालयाचे दप्तर १६३२ पासून अखंड जपलेले आहे.

नोंदणीच्या या नियमातच पाहण्याचा हक्क दडलेला होता. नोंदवलेले खत सर्वांना माहीत आहे असे कायदा गृहीत धरतो, आणि नोंदवही पाहिली नाही ही सबब खरेदीदाराला सांगता येत नाही. असे असेल तर ती नोंदवही पाहण्यापासून कोणाला अडवणे न्यायाचे होणार नाही. पारदर्शकतेविषयी कोणी एक शब्दही बोलण्याआधी, निव्वळ व्यवहाराच्या गरजेपोटी, काउंटीच्या वह्या सर्वांना खुल्या झाल्या त्या अशा.

हा हक्क कायद्याच्या शब्दांत सर्वांत स्वच्छपणे उतरला तो विस्कॉन्सिनमध्ये. १८४८ मध्ये राज्य झालेल्या विस्कॉन्सिनने पुढच्याच वर्षी असा कायदा केला की, शेरीफ (काउंटीचा पोलीसप्रमुख), खजिनदार, न्यायालयाचे कारकून, दस्त नोंदवणारे अधिकारी या सर्वांनी काउंटीच्या मुख्य गावी कचेरी उघडी ठेवावी आणि तेथील वह्या व कागद कोणाही व्यक्तीला पाहू द्यावेत. 'कोणाही व्यक्तीला' हे त्यातील शब्द महत्त्वाचे होते. काही वर्षांतच त्यांची कसोटी लागली. कचेरीतील इंधनाचा आणि दिवाबत्तीचा खर्च काउंटीने द्यावा की नाही, यावरून जेफर्सन काउंटीचा वाद राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. १८५६ साली न्यायालयाने खर्च काउंटीवर टाकला. कचेरी लोकांसाठी उघडी ठेवा असे कायद्याने सांगायचे आणि विस्कॉन्सिनच्या थंडीत ती बसण्याजोगी ठेवायला लागणारे सामान नाकारायचे, हे दोन्ही एकत्र चालणार नाही, असा त्या निकालाचा रोख होता. वाद लाकूडफाट्याचा दिसत असला, तरी कागद 'खुला' असणे म्हणजे तो प्रत्यक्षात वाचता येणे, हे त्यातून ठरले. माझ्या मते त्या शतकातील हा सर्वांत मोलाचा निकाल आहे.

या वह्या वाचायच्या कशा, हेही समजून घ्यायला हवे. महाराष्ट्रात आपण गट क्रमांक किंवा सर्व्हे क्रमांक हाती घेऊन सुरुवात करतो. अमेरिकेत बहुतेक काउंट्यांची जुनी सूची माणसांच्या नावांवर चालते: एक सूची देणाऱ्यांची, दुसरी घेणाऱ्यांची. आजच्या मालकाचे नाव घेणाऱ्यांच्या सूचीत शोधायचे, त्याने कोणाकडून घेतले ते पाहायचे, मग त्या विक्रेत्याचे नाव पुन्हा घेणाऱ्यांच्या सूचीत शोधायचे, आणि असे मागे मागे जायचे. नंतर देणाऱ्यांच्या सूचीतून पुढे येत, मधल्या एखाद्या मालकाने तीच जमीन दुसऱ्यालाही लिहून दिली किंवा गहाण टाकली का, हे तपासायचे. प्रत्येक नोंदीसमोर वहीचा क्रमांक आणि पान क्रमांक असतो. काही राज्यांत जमिनीच्या तुकड्यानुसार सूचीही आहे. नावांची पद्धत असल्यामुळे मराठी नावे तेथे हमखास फसवतात. वडिलांचे किंवा पतीचे नाव कधी मधले नाव म्हणून येते, कधी गाळले जाते, कधी चुकून आडनावाच्या जागी बसते, आणि खत शोधणाऱ्याला ते सापडत नाही. त्यामुळे शोध घेताना नावाची सर्व रूपे तपासणे आवश्यक ठरते.

एवढे काम प्रत्येक खरेदीदाराने करणे अशक्यच होते. त्यातून एक स्वतंत्र धंदा उभा राहिला. ही मंडळी काउंटीच्या वह्यांवरून रोज टिपणे काढून आपल्याकडे स्वतंत्र सूची ठेवत आणि ग्राहकाला मालकीचा गोषवारा, आपल्याकडच्या वकिलांच्या भाषेत सर्च रिपोर्ट, करून देत. ऑक्टोबर १८७१ मध्ये शिकागोला आग लागली, न्यायालयाची इमारत भस्मसात झाली आणि कुक काउंटीची जमिनीची सर्व नोंदपुस्तके तिच्याबरोबर गेली. संपूर्ण शहराची मालकी क्षणात निराधार झाली. मात्र तीन खासगी पेढ्यांनी आपापल्या टिपणवह्या जमेल तेवढ्या आगीतून बाहेर काढल्या होत्या, आणि तिन्हींचे तुकडे जुळवल्यावर शहराच्या मालकीची साखळी पुन्हा उभी राहू शकली. इलिनॉयच्या विधिमंडळाने १८७२ साली कायदा करून ही खासगी टिपणे पुराव्यात ग्राह्य धरण्याची वाट मोकळी केली. सार्वजनिक दप्तर जळाले आणि त्याची प्रत जनतेच्या हातात होती म्हणून शहर वाचले. लोकांना नकला घेऊ देण्याच्या बाजूने याहून भक्कम दाखला मला माहीत नाही.

तरीही या धंद्याला काउंट्यांकडून विरोध होई. दस्त नोंदवणाऱ्या अधिकाऱ्याचे उत्पन्न नकलेच्या शुल्कावर अवलंबून असे, आणि कोणी येऊन फुकटात संपूर्ण वही उतरवून नेणे त्याला परवडत नसे. मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाने १८८० मध्ये अशा धंदेवाल्याला वह्या उतरवून घेण्याचा हक्क नाकारला. त्याच न्यायालयाने १८८९ मध्ये याच धंद्यातील डेट्रॉइटच्या क्लॅरन्स बर्टन यांच्या बाजूने निकाल देताना, सार्वजनिक नोंदी पाहण्याचा हक्क लोकांचाच आहे आणि पाहणाऱ्याचा त्यात धंद्याचा हेतू असला तरी तो बुडत नाही, अशी भूमिका घेतली. हेच बर्टन पुढे डेट्रॉइटचे इतिहासकार म्हणून ओळखले गेले आणि त्यांचा संग्रह तेथील सार्वजनिक ग्रंथालयाला मिळाला.

जुन्या कागदांच्या शोधात निघालेल्यांनी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. व्हर्जिनियातील जेम्स सिटी यांसारख्या काउंट्यांनी यादवी युद्धात सुरक्षिततेसाठी आपले दप्तर राज्याच्या राजधानीत, रिचमंडला, पाठवले आणि एप्रिल १८६५ च्या आगीत ते तेथेच जळाले, त्यामुळे काही ठिकाणी कागद नाही म्हणजे खरोखरच नाही. दुसरे म्हणजे, नागरिकत्वाची कामे १९०६ पर्यंत काउंटीच्या न्यायालयांसह कोणत्याही अभिलेख न्यायालयात (कामकाजाची कायम नोंद ठेवणाऱ्या न्यायालयात) होत असत, म्हणून त्या काळचे अर्ज अनेकदा केंद्राकडे न सापडता काउंटीत सापडतात. महामंदीच्या काळात, १९३६ पासून, बेरोजगारांना काम देण्याच्या सरकारी योजनेतून देशभरच्या काउंट्यांच्या दप्तरांची मोजदाद झाली. तळघरांत आणि माळ्यांवर पडलेले गठ्ठे तेव्हा पहिल्यांदाच यादीत आले, आणि त्या छापील याद्या आजही कामी येतात.

दुसरी परंपरा सुरू झाली ती एका उणिवेतून. खते, मृत्युपत्रे, न्यायालयाचे निवाडे खुले होते; पण कंत्राटे, पगार, पत्रव्यवहार, तपासणी अहवाल यांचे काय, याला जुन्या वहिवाटीत खात्रीचे उत्तर नव्हते. फ्लोरिडाने १९०९ मध्ये सार्वजनिक नोंदींचा कायदा केला. १९५० च्या दशकात वृत्तपत्रांच्या संपादकांनी हा प्रश्न लावून धरला. पेनसिल्व्हेनियाचा कायदा १९५७ चा; कॅलिफोर्नियाचा १९६८ चा, ज्यावर राज्यपाल रोनाल्ड रेगन यांची सही आहे; टेक्सासचा १९७३ चा, राजकारण्यांच्या शेअर-लाचखोरीच्या शार्पस्टाउन घोटाळ्यानंतर आलेला; न्यूयॉर्कचा १९७४ चा. प्रत्येक राज्याने आपापले शब्द, आपापल्या मुदती आणि आपापले अपवाद ठरवले. इलिनॉय आणि पेनसिल्व्हेनियात कामकाजाच्या ५ दिवसांत उत्तर अपेक्षित असते, तर कॅलिफोर्नियात कागद देणार की नाही हे १० दिवसांत सांगावे लागते. पेनसिल्व्हेनियाच्या जुन्या कायद्यात कागद सार्वजनिक आहे हे अर्जदाराने सिद्ध करायचे होते. २००८ च्या नव्या कायद्याने तो भार कचेरीवर टाकला. कायद्याच्या नावापेक्षा सिद्ध करण्याचा भार कोणावर आहे, यावर सगळे अवलंबून असते.

संगणकाच्या काळात जुना शुल्काचा वाद नव्या रूपात परतला. कॅलिफोर्नियातील ऑरेंज काउंटीने जमिनीच्या तुकड्यांचा संगणकीय नकाशा देण्यासाठी सुमारे ३,७५,००० डॉलर परवाना शुल्क मागितले. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली तो नकाशा सार्वजनिक नोंदच ठरवला आणि कायद्यानुसारच, म्हणजे प्रत काढण्याच्या खर्चापुरत्या शुल्कात, देण्यास सांगितले.

दोन परंपरांतील फरक सर्वांत उघड झाला तो त्याच वर्षी, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात. व्हर्जिनियाचा माहितीचा कायदा हा हक्क मुख्यतः त्या राज्याच्या नागरिकांनाच देतो. कॅलिफोर्नियातील एका व्यावसायिकाने व्हर्जिनियाच्या हेनरायको काउंटीकडे मालमत्ता-कराच्या आकारणीच्या नोंदी मागितल्या, तेव्हा काउंटीने याच आधारावर त्या नाकारल्या. न्यायालयाने एकमताने व्हर्जिनियाचा नियम कायम ठेवला. परंतु निकालातच असेही नमूद आहे की, मालकीची खते सर्किट न्यायालयाच्या कारकुनाकडे असतात आणि ती पाहण्यास कोणालाही मोकळीक आहे. म्हणजे पुण्यात बसून व्हर्जिनियातील घराविषयी चौकशी करणाऱ्याला माहितीच्या कायद्याखाली अर्ज करून नकार मिळू शकतो, आणि खताची नक्कल मात्र कारकुनाकडून मिळू शकते.

कचेरी नेमकी कोणती, हेही राज्यागणिक बदलते. कनेक्टिकटने काउंटी सरकार १९६० मध्येच बंद केले, आणि तेथे तसेच ऱ्होड आयलंड व व्हर्मॉन्टमध्ये खते गावाच्या किंवा शहराच्या कारकुनाकडे असतात. लुइझियानात काउंटीच्या जागी 'पॅरिश' आहेत. जन्म-मृत्यूच्या नोंदी पाहण्याच्या हक्कात सरसकट बसत नाहीत. त्यांची प्रमाणित प्रत अनेक राज्यांत संबंधित व्यक्तीला किंवा जवळच्या नातेवाइकालाच मिळते, आणि ती भारतात वापरायची असेल तर राज्य सरकारचे अपोस्टील, म्हणजे परदेशात चालणारे खरेपणाचे प्रमाणपत्र, लागते, कारण भारत २००५ पासून अपोस्टीलच्या आंतरराष्ट्रीय करारात आहे.

पाहण्याच्या जुन्या हक्कालाही आता मर्यादा येऊ लागल्या आहेत. जुलै २०२० मध्ये न्यू जर्सीत एका केंद्रीय न्यायाधीशांच्या घरी झालेल्या हल्ल्यात त्यांच्या मुलाचा बळी गेला, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये राज्याने न्यायाधीश, पोलीस व सरकारी वकील यांचे घरचे पत्ते जाहीर करण्यावर निर्बंध घालणारा कायदा केला. काउंटीच्या कारकुनांना त्यामुळे संकेतस्थळावरील खतांमधून असे पत्ते झाकावे लागतात. १६४० च्या नियमाने गृहीत धरलेला वाचक कचेरीत येऊन वही उघडणारा होता. तीच वही जगभर कोठूनही वाचता येऊ लागल्यावर तिचा किती भाग कोणाला दिसावा, हा प्रश्न आता एकेका राज्याच्या विधिमंडळासमोर येत आहे.