थंडीत टिकायचं तर सिमेंटच्या मालात हवा हवी

१९३०च्या दशकात अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात काँक्रीटच्या रस्त्यांनी इंजिनिअरांना कोड्यात टाकलं. कडक हिवाळ्यानंतर बऱ्याच रस्त्यांचे पोपडे निघाले होते, काही पट्टे मात्र धडधाकट होते. माग काढल्यावर कळलं, की त्या पट्ट्यांचं सिमेंट दळणं सोपं जावं म्हणून गिरणीत गुरांची चरबी घातली होती. तिच्यामुळे काँक्रीट कालवताना बारीक बुडबुडे अडकून राहिले होते.

पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. माल हाताला सैल लागावा म्हणून गवंडी गरजेपेक्षा जास्त पाणी घालतो. त्या जादा पाण्याच्या जागी केसाहून बारीक वाटा उरतात. त्यांत पाणी भरून गोठू लागलं की उरलेलं पाणी पुढे रेटलं जातं. जवळ मोकळी जागा नसेल, तर माल आतून तडकतो. काँक्रीटचे अमेरिकी संशोधक टी. सी. पॉवर्स यांनी १९४०च्या दशकात याचं गणित मांडलं. त्यातून आलेला दंडक असा, की आत कुठूनही बुडबुडा साधारण ०.२ मिलिमीटरच्या आत सापडला पाहिजे. त्यामुळे नुसतं हवेचं प्रमाण पाहून भागत नाही. कालवताना आपसूक राहिलेली मोठी, वेडीवाकडी भोकं इथे जवळजवळ निरुपयोगी.

चरबीची जागा आता राळेपासून किंवा कृत्रिम रीतीने बनवलेल्या, साबणासारखं काम करणाऱ्या रसायनांनी घेतली आहे. सिमेंटच्या वजनाच्या एक टक्क्याहून कितीतरी कमी मात्रा पुरते. हात सैल सुटला तर मात्र महागात पडतं: काँक्रीटमध्ये दर एक टक्का जादा हवेमागे ताकद साधारण ५ टक्के घटते.

प्लास्टिसायझर, म्हणजे माल सैल करणारं रसायन, दुसऱ्या बाजूने मदत करतो. त्याने कमी पाण्यातही माल सैल राहतो, म्हणजे मुळात बारीक वाटाच कमी तयार होतात. माझ्या मते सुरुवात इथून करावी. मात्र पाण्याने भिजून गोठणाऱ्या बांधकामात बुडबुड्यांना पर्याय नाही.

कॅल्शियम क्लोराइडचं काम वेगळं. थंडीत कोवळा माल गोठण्याआधी लवकर ताकद धरावा, एवढ्यासाठी ते असतं. पण क्लोराइडने आतली सळई गंजते, म्हणून सळईच्या कामात ते टाळतात.

काही सिमेंटऐवजी फ्लाय अॅश, म्हणजे वीजकेंद्रातली कोळशाची राख, वापरली तर आणखी एक पेच. तिच्यातला न जळालेला कार्बन बुडबुडे धरणारं रसायनच शोषून घेतो. राखेची खेप बदलली की कालचा डोस आज अपुरा ठरू शकतो. म्हणून काँक्रीट ओतण्याआधी साइटवरच त्यातली हवा मोजतात.