नॅरोबोट घेतली की भाडं सुटलं?

‘लंडनमध्ये भाडं परवडत नाही? नॅरोबोट (कालव्यात चालणारी लांब, अरुंद बोट) घ्या, कालव्यात हवी तिथे बांधा, फुकट राहा.’ हा सल्ला अनेक वर्षं फिरतोय. भाडं वाचतं हे खरं, पण ‘हवी तिथे’ आणि ‘फुकट’ हे दोन्ही शब्द चूक.

बोट पाण्यात ठेवायची तर कॅनाल अँड रिव्हर ट्रस्टचं, म्हणजे कालवे सांभाळणाऱ्या संस्थेचं, लायसन्स लागतं. त्यासाठी विमा आणि दर 4 वर्षांनी सुरक्षा तपासणीचा दाखला हवा. कायमची जागा विकत किंवा भाड्याने न घेता फिरत राहायचं असेल, तर 1995च्या ब्रिटिश वॉटरवेज कायद्यानुसार एका ठिकाणी साधारणपणे 14 दिवसांपेक्षा जास्त मुक्काम करता येत नाही. काही धक्क्यांवर मुदत त्याहूनही कमी. पुलाच्या अलीकडून पलीकडे सरकवली आणि परत आणली, हे चालत नाही. खरोखरचा प्रवास लागतो. शिवाय एप्रिल 2024पासून अशा फिरत्यांना लायसन्सवर अधिभारही पडतो.

आणि प्रवास म्हणजे काय? कमाल वेग ताशी 4 मैल. लॉक (पाण्याची पातळी बदलून बोट वर-खाली नेणारा, दारं असलेला हौद) आला की उतरायचं, काटकोनी लोखंडी हँडलने झडपा उघडायच्या, पाणी समपातळीत येईपर्यंत थांबायचं, मग दाराच्या लांब ओंडक्याला पाठ लावून रेटायचं. पावसातसुद्धा. डिझेल, गॅस, कोळसा वेगळा. दर दोन-तीन वर्षांनी बोट पाण्याबाहेर काढून तळाला काळा लेप. संडासाची टाकीही बहुतेकदा आपणच उचलून रिकामी करायला न्यायची.