नुसता टेस्टर आणि कंटिन्युइटी टेस्टर: नवशिक्यांसाठी किट बनवताय तर आधी हा फरक समजून घ्या

आपल्याकडे टेस्टर म्हटलं की डोळ्यासमोर येतो तो पारदर्शक दांड्याचा स्क्रूड्रायव्हर, आत छोटा निऑन दिवा, वायरमनच्या शर्टाच्या खिशात कायम अडकवलेला. त्यामुळे इलेक्ट्रॉनिक्स शिकायला सुरुवात केलेल्या मुलांना "कंटिन्युइटी टेस्टर बनवू" म्हटलं की अर्ध्या जणांना वाटतं तोच बनवायचाय. आणि ही गल्लत नुसती नावाची असती तर सोडून दिलं असतं, पण निऑनवाला वापरताना सप्लाय चालू लागतो आणि कंटिन्युइटीवाला वापरताना सप्लाय बंदच पाहिजे, म्हणजे इथे घोळ झाला तर थेट शॉक.

निऑनवाला टेस्टर सांगतो की इथे व्होल्टेज आहे का. टोक सॉकेटमध्ये, मागच्या धातूच्या टोपीवर आपलं बोट, मधे साधारण एक मेगओहमच्या (दहा लाख ओहम) आसपासचा रेझिस्टर, म्हणजे करंटला अडवणारा भाग, आणि निऑन. करंट आपल्या अंगातूनच जमिनीकडे जातो, पण रेझिस्टरमुळे इतका कमी की कळत पण नाही. निऑन पेटायला साठ-सत्तर व्होल्ट तरी लागतात, म्हणजे 9 व्होल्टच्या बॅटरीवर तो ढिम्म हलणार नाही. त्याच्या स्वतःच्या पोटात काहीच पॉवर नाही, घरातल्या 230 व्होल्टवर जगतो तो.

कंटिन्युइटी टेस्टर विचारतो की या टोकापासून त्या टोकापर्यंत रस्ता अखंड आहे का. त्यासाठी तो स्वतःची बॅटरी घेऊन येतो. 9 व्होल्टची बॅटरी, 470 ओहमचा रेझिस्टर (पिवळा-जांभळा-तपकिरी पट्टे), एक लाल एलईडी आणि दोन वायरींना दोन क्रोकोडाइल क्लिप, सगळं एका रांगेत, झालं सर्किट. एलईडीवर 2 व्होल्ट पडतात, उरलेले 7 भागिले 470, म्हणजे साधारण 15 मिलिअँपिअर. हेच जर कोणी चालू सॉकेटला लावलं तर त्या पाव वॉटच्या रेझिस्टरवर शंभर वॉटच्या आसपास पॉवर येते, तो जळतो, एलईडी फुटतो, आणि क्लिप उघड्या धातूची असल्यामुळे हात लागला तर काय होईल ते सांगायला नको. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की नवशिक्यांच्या किटमध्ये टोकदार प्रोब देऊच नयेत, जाड क्लिपच द्याव्यात, सॉकेटच्या भोकात त्या जातच नाहीत, आणि डबीवर मराठीत ठळक लिहावं "आधी प्लग काढा".

आता इस्त्री घ्या. कॉर्ड हँडलपाशी वाकून वाकून आतून तुटते हे घराघरातलं दुखणं. निऑन टेस्टर सॉकेटमध्ये फेज आहे एवढं सांगेल, पुढे कॉर्डमध्ये काय झालंय ते त्याला माहीत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, इस्त्रीची अर्थिंग जोडलेली आहे का हे तो कधीच सांगू शकत नाही. कंटिन्युइटी टेस्टरने हे अर्ध्या मिनिटात होतं: प्लग काढलेला, इस्त्री थंड, एक क्लिप प्लगच्या जाड लांब पिनला, दुसरी इस्त्रीच्या तळाच्या उघड्या धातूला, एलईडी लख्ख पेटला पाहिजे. हे करताना कॉर्ड हँडलपाशी थोडी हलवून बघा, एलईडी मिणमिणला किंवा विझला तर वायर आतून गेलीये. मग जाड पिन आणि बाकीच्या दोन पिनांपैकी कुठलीही एक, इथे मात्र अंधारच हवा, पेटला तर इस्त्री वापरू नका.

पण याला पण मर्यादा आहेत आणि त्या किटसोबतच सांगायला हव्यात. थर्मोस्टॅट चालू करून दोन बारीक पिनांना क्लिप लावल्या तर एलईडी पेटेल, कारण मधे कॉइल आहे. 1000 वॉटच्या इस्त्रीची कॉइल साधारण 53 ओहम, म्हणजे करंट 15 वरून 13.4 मिलिअँपिअर, डोळ्याला हा फरक दिसतच नाही. म्हणजे कॉइल ठीक आहे की कुठे शॉर्ट आहे हे हा टेस्टर सांगणार नाही, तिथे ओहम मोजून आकडा दाखवणारा मल्टिमीटरच पाहिजे. तसंच निऑन टेस्टर पेटला नाही म्हणून वायर मेली असं पण धरू नका, कोरड्या लाकडी स्टुलावर उभं असलात तर तो मंद दिसू शकतो, भर उन्हात तर दिसतच नाही. आणि उलटं पण होतं, न्यूट्रल तुटलेला असेल आणि दिव्याचं बटण चालू असेल तर न्यूट्रलच्या वायरवर पण पेटतो.

बाजारात आणखी एक भानगड मिळते, बॅटरीवाला एलईडी टेस्टर, दिसायला स्क्रूड्रायव्हरच पण दोन हातांनी दोन टोकं धरली तरी पेटतो. तो आपल्या अंगातून जाणाऱ्या नगण्य करंटवर पेटतो, म्हणजे ओलसर लाकूड किंवा घामट हात मधे आला तरी "रस्ता आहे" म्हणेल, शिकण्यासाठी तो देऊ नये.

किटमध्ये बझर घालायचा असेल तर ॲक्टिव्ह बझर (आवाज काढणारं सर्किट आतच असलेला) घ्या, पॅसिव्ह (ते नसलेला) नको, पॅसिव्हला नुसती डीसी दिली तर एकदा टक करून गप्प बसतो. एलईडी-रेझिस्टरच्या जोडीला पॅरलल (जोडीच्या दोन टोकांना बझरची दोन टोकं) लावा, सिरीजमध्ये (एका रांगेत) नाही, प्लसची खूण बघून. आणि किटसोबत 1000 मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर (चार्ज साठवणारा भाग) टाका, 16 व्होल्टचा चालेल, पण तो जोडताना बझरची वायर तेवढ्यापुरती काढून ठेवा. लाल क्लिप (बॅटरीच्या प्लसकडची) कपॅसिटरच्या प्लस पायाला आणि दुसरी उरलेल्या पायाला लावली की एलईडी झटकन पेटतो आणि हळूहळू विझत जातो, मुलं ते परत परत करून बघतात. परत करताना फक्त आधी कपॅसिटरचे दोन पाय रेझिस्टरने जोडून तो रिकामा करायचा, नाहीतर दुसऱ्यांदा पेटतच नाही आणि सगळे बॅटरी बदलत बसतात.