रस्ता बंगालात वाढला, राजस्थानात घटला

बाई सत्तेवर आली की कारभार बदलतो का? तपासायला हा प्रश्न भलताच अवघड आहे. ज्या गावाने आपणहून बाईला निवडून दिलं, ते मुळातच वेगळं असू शकतं. मग तिथलं पाणी सुधारलं तर श्रेय कुणाचं, बाईचं की गावाचं?

ही गाठ सोडवायची संधी भारताच्या ७३व्या घटनादुरुस्तीने दिली. १९९३पासून पंचायतींच्या प्रमुखपदांपैकी एक तृतीयांश पदं स्त्रियांसाठी राखीव झाली, आणि तीही आळीपाळीने. यंदा कुठल्या गावाची पाळी, हे गावाच्या मर्जीवर नव्हतं. नव्या औषधाच्या चाचणीत कुणाला खरी गोळी द्यायची हे चिठ्ठ्या टाकून ठरवतात, तसाच हा प्रकार. राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो या संशोधकांनी तो हेरला. बंगालमधला बीरभूम आणि राजस्थानातला उदयपूर या जिल्ह्यांतल्या २६५ पंचायती त्यांनी पाहिल्या. निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले.

राखीव गावांत पिण्याच्या पाण्यावर जास्त काम झालं होतं. यात नवल नाही, पाणी भरतं कोण ते आपल्याला ठाऊक आहे. गंमत रस्त्यांची आहे. बाई प्रमुख असताना बंगालात रस्त्यांची कामं वाढली, राजस्थानात कमी झाली. असं का? बंगालात रस्त्याच्या कामावर बायकांना मजुरी मिळत होती. राजस्थानात कामाच्या शोधात गावाबाहेर जायचे ते पुरुष. पंचायतीकडे बायका कशाची तक्रार करत होत्या त्याच्या नोंदी पाहिल्या, तर पैसाही त्याच दिशेला गेलेला दिसतो. म्हणूनच ‘स्त्रिया मुळातच मायाळू, त्यामुळे कारभारही मायाळू’ हे कौतुक मला पटत नाही. बाईचा दिवस कशात जातो, ते अंदाजपत्रकात उतरलं, इतकंच.

पण खुर्ची मिळाली म्हणजे आवाज मिळाला असं नाही. अमेरिकेत क्रिस्टोफर कार्पोविट्झ आणि टाली मेंडेलबर्ग या राज्यशास्त्राच्या अभ्यासकांनी पाच-पाच जणांचे ९४ गट चर्चेला बसवले. बहुमताने निर्णय घ्यायचा असेल, तर गटात थोड्या असलेल्या स्त्रिया पुरुषांपेक्षा बऱ्याच कमी बोलल्या. एकमताची अट घातल्यावर ही तफावत नाहीशी झाली. एकमत हवं म्हटल्यावर एकटीलाही डावलून चालत नाही ना!

बंगालातल्याच पुढच्या एका अभ्यासात गावकऱ्यांना पुढाऱ्याचं एकच भाषण कधी पुरुषी, तर कधी बायकी आवाजात ऐकवलं. ज्या गावांत प्रमुखपद कधीच राखीव नव्हतं, तिथल्या पुरुषांनी बाईच्या आवाजाला कमी गुण दिले. ज्यांनी बाईचा कारभार पाहिला होता, त्यांच्याकडे हा भेद उरला नव्हता. मात्र पुढारी कोण आवडेल असं विचारलं, तर त्यांची पसंती अजूनही पुरुषालाच होती.