पाळी थांबली, सोनोग्राफीत ‘पॉलिसिस्टिक’ आलं, म्हणजे पीसीओडीच?

पीसीओडी आता घराघरात माहीत आहे: लांबणारी पाळी, हनुवटीवर केस, मुरुमं, बऱ्याचदा वाढतं वजन. त्यावर जास्त लिहीत नाही. त्याच नावाखाली दडून राहतो तो हायपोथॅलॅमिक अमेनोरिया, म्हणजे मेंदूकडून येणारा निरोप मंदावल्याने पाळी बंद होणं, आणि मग मुलींना नेमका उलटा सल्ला मिळतो.

यात मूळ दोष अंडाशयाचा नसतो. खाणं कमी, पळणं जास्त, वर परीक्षेचा नाहीतर नोकरीचा ताण. अंगात पुरेसं अन्न पडत नाही हे मेंदूतल्या हायपोथॅलॅमसला कळतं आणि अंडाशयाकडे जाणारा निरोप मंदावतो. एलएच (बीज सोडायला लावणारं संप्रेरक) घटतं, इस्ट्रोजेन (अंडाशयातलं स्त्री-संप्रेरक) घटतं, पाळी बंद. त्यासाठी मुलगी हडकुळी असायला हवी असं नाही. भराभर दहा किलो उतरवलेली, वजनकाट्यावर अगदी ‘नॉर्मल’ असलेली मुलगीही यात सापडते.

खरा घोळ सोनोग्राफीपाशी होतो. पीसीओडी ठरवण्याच्या 2003 च्या रॉटरडॅम निकषांत तीन गोष्टी आहेत: बीज नियमित न सुटणं, पुरुषी संप्रेरकं वाढल्याची खूण आणि अंडाशयात बारीक पुटिकांची (बीज असलेल्या पिशव्यांची) गर्दी, म्हणजेच सोनोग्राफीतलं ‘पॉलिसिस्टिक’. तीनपैकी दोन जुळल्या की पीसीओडी. आता पाहा, हायपोथॅलॅमिक अमेनोरियात पाळी तर नसतेच, आणि तशा पुटिका त्यातल्याही अनेकींना दिसतात. झाल्या दोन! पण त्याच निकषांत ‘इतर कारणं आधी वगळा’ अशी अट आहे, आणि तीच विसरली जाते. नुसत्या सोनोग्राफीवरून शिक्का मारणं मला अजिबात मान्य नाही. गरोदरपण, थायरॉइड, प्रोलॅक्टिन (दूध आणणारं संप्रेरक) तर तपासतातच. एलएच, इस्ट्राडिओल (मुख्य इस्ट्रोजेन) आणि टेस्टोस्टेरॉन (पुरुषी संप्रेरक) यांचेही आकडे बघायला मागा. पीसीओडीत टेस्टोस्टेरॉन बहुधा चढं आणि एलएच नॉर्मल किंवा जास्त. इथे एलएच आणि इस्ट्राडिओल दोन्ही खाली, गर्भाशयाचं अस्तर पातळ.

हे वेगळं ओळखायचं कशासाठी? पीसीओडीत वजन जास्त असेल तर ‘भात सोडा, व्यायाम वाढवा’ याचा काही उपयोग तरी होतो. इथे त्याच सल्ल्याने पाळी आणखी लांब जाते आणि इस्ट्रोजेनअभावी हाडं झिजतात. हिला रात्रीचं जेवण परत सुरू करायचंय, पोळी-भात-तूप पोटभर खायचंय, पळणं कमी करायचंय, झोपायचंय. फरक पडायला महिने लागतात.

गर्भनिरोधक गोळ्यांवर दर महिन्याला रक्तस्राव होतो, म्हणून ‘पाळी सुरू झाली’ असं म्हणतात, ते ऐकून जीव तुटतो. तो रक्तस्राव महिन्यातले काही दिवस गोळ्या थांबवल्याचा असतो; हायपोथॅलॅमस अजून गप्पच असतो. निव्वळ पाळी आणण्यासाठी या गोळ्या देऊ नयेत, असं अमेरिकेतल्या एंडोक्राइन सोसायटीच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनाही सांगतात.

आणि बरं होताना बीज बहुधा आधी सुटतं, पाळी त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी येते. त्यामुळे एकही पाळी न येता दिवस जाऊ शकतात. मूल नको असेल तर तेव्हापासूनच काळजी घ्या.