हरळी की लव्हाळा?

गेल्या भाद्रपदात चतुर्थीच्या सकाळी शेजारची मुलगी ताटलीत हिरवंगार गवत घेऊन आली. “काकू, आमच्या लॉनमधल्या दूर्वा!” एकवीस मोजून जुड्या केलेल्या, दोऱ्याने नीट बांधलेल्या. मी एक काडी उचलून चिमटीत फिरवली. सगळा लव्हाळा होता. खरी दूर्वा तिच्याच कुंपणाशी वाळत पडली होती, आदल्या दिवशी माळीकाकांनी तण म्हणून उपटलेल्या ढिगात.

चूक त्या पोरीची नाही. जळगाव-धुळ्याच्या नव्या कॉलन्यांत वाढणाऱ्या मुलांना गवत म्हणजे एकच हिरवा गालिचा ठाऊक. चोपड्याकडची माझी आजी निंदताना मान वरही न करता सांगायची, “हाऊ लव्हाया शे,” आणि बांधावर भिरकावून द्यायची. तिला डोळ्यांपेक्षा बोटांनी जास्त कळायचं.

तेच करून बघा. हरळी, म्हणजेच आपली दूर्वा, तिची काडी गोलसर असते. तिला पेरं असतात आणि पानं दोन बाजूंना दोन रांगांत फुटतात. लव्हाळ्याचा दांडा तीन धारांचा. बोटांत फिरवला की धारा लागतात. त्याला पेरं नसतात, आतून तो भरीव असतो, आणि पानं बुडाशी तीन रांगांत असतात. लव्हाळा मुळात गवतच नाही, तो मोथ्याच्या कुळातला. तुरा आला असेल तर प्रश्नच मिटतो: हरळीला एकाच जागेतून तीन ते सहा बारीक बोटं फुटतात, चिमणीच्या पायासारखी. लव्हाळ्याला तांबूस-तपकिरी तुरा, आणि त्याच्याखाली लांब पानांची छत्री.

मशीन फिरवल्यावर दोन-तीन दिवसांत लॉनमधून एकटीच वर डोकावणारी तकतकीत पाती दिसली, तर ती बहुधा लव्हाळ्याची.

शेतकरी या दोघांना वैतागतो, पण दोघांची चाल वेगळी. हरळी जमिनीवरून धावते, पेराला माती लागली की तिथे मुळं धरते, आणि खाली तिच्या काशा, म्हणजे जमिनीतली आडवी खोडं, पसरतात. चैत्र-वैशाखात खोल नांगरून काशा वर काढल्या, उन्हात करपू दिल्या, उरलेल्या वेचल्या, तर ती हटते. लव्हाळ्याच्या खाली गाठींची माळ असते. वरची पाती ओढली की ती तुटून हातात येते आणि गाठ खालीच राहते, ती पुन्हा फुटते. त्याच्याच कुळातल्या नागरमोथ्याचा वास आपण दिवाळीच्या उटण्यात घेतो, हे मात्र कुणाच्या ध्यानात येत नाही.

आता माझ्या जिवाला लागतं ते सांगते. नर्सरीत ‘बर्म्युडा ग्रास’ म्हणून बियांचं पाकीट मिळतं. ती हरळीच असते, तीच जात. लोक पैसे देऊन ती पेरतात. आणि शेजारच्या घरी मेक्सिकन लॉनमध्ये, म्हणजे ‘मेक्सिकन’ नावाने विकल्या जाणाऱ्या गवताच्या लॉनमध्ये, हीच आपसूक उगवली, की माळी लावून उपटतात.

लॉनची हौस इंग्लंडच्या गार, वर्षभर भुरभुरत्या पावसातली. तिथल्याच एडविन बडिंगने 1830 मध्ये गवत कापायच्या यंत्राचं पेटंट घेतलं. आपल्याकडे पाऊस चार महिन्यांचा, आणि मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा 45 अंश ओलांडतो. त्या दिवसांत मेक्सिकन लॉन हिरवं ठेवायला रोज पाइप धरावा लागतो. हरळीला त्याची गरज नाही. ती पिवळी पडते, मेल्यासारखी दिसते, काळ्या मातीला भेगा पडतात, आणि मृगाचे दोन चांगले पाऊस झाले की त्याच काशांतून पुन्हा फुटते. एरंडोलजवळ पद्मालयाच्या गणपतीला वाहिली जाते तीही हीच.

यंदा आम्ही दोन्ही घरांनी मिळून कुंपणालगतची दोन हात पट्टी मशीनशिवाय सोडली. ज्येष्ठ संपता संपता तिथे हरळी पसरली, मधूनमधून लव्हाळाही आला. ती मुलगी संध्याकाळी उकिडवी बसून एकेक काडी चिमटीत फिरवते. धार लागली की खुरपं मागते, गाठीसकट काढायला.