बघत होते पायांची ताकद, फरक दिसला आठवणीत

घरातलं वयस्कर माणूस तीच गोष्ट परत परत विचारायला लागलं की आपण "वय झालं आता" म्हणून सोडून देतो, पण त्या विसरण्याचा पोटाशी काही संबंध असेल असं डोक्यातही येत नाही. लंडनच्या किंग्ज कॉलेजचा एक प्रयोग २०२४ मध्ये छापून आला, तो वाचल्यापासून मला हे सगळ्यांना सांगावंसं वाटतंय.

साठीच्या पुढच्या जुळ्या भावंडांच्या ३६ जोड्या घेतल्या, म्हणजे ७२ माणसं. जुळीच का, तर दोघांची जनुकं आणि लहानपणीचं घर बरंचसं सारखं, त्यामुळे फरक पडला तर तो कशामुळे हे जरा खात्रीने सांगता येतं. सगळ्यांना व्यायाम आणि प्रोटीन पावडर दिली, फक्त जोडीतल्या एकाला त्यासोबत प्रीबायोटिक आणि दुसऱ्याला तशीच दिसणारी पण काही परिणाम नसलेली पावडर, आणि कोणाला काय मिळतंय हे ना त्यांना माहीत ना तपासणाऱ्यांना. प्रीबायोटिक म्हणजे बॅक्टेरिया नव्हेत बरं का, आतड्यातल्या चांगल्या बॅक्टेरियांचं खाणं, इथे इन्युलिनसारखे तंतू.

मुळात बघायचं होतं स्नायूंचं, खुर्चीवरून उठायला किती वेळ लागतो ते. त्यात १२ आठवड्यांनी काहीच फरक नाही! पण प्रीबायोटिकवाल्यांच्या पोटात बिफिडोबॅक्टेरियम नावाचे चांगले बॅक्टेरिया वाढले होते आणि स्क्रीनवरच्या कुठल्या चौकोनात कुठलं चित्र होतं हे आठवायच्या टेस्टमध्ये त्यांच्या चुका कमी झाल्या. अल्झायमरची अगदी सुरुवातीची लक्षणं पकडायला हीच टेस्ट वापरतात, म्हणून मला ही गोष्ट मोठी वाटते.

पोटातलं डोक्यापर्यंत पोचतं कसं? बॅक्टेरिया हे तंतू आंबवून ब्युटिरेटसारखी आम्लं बनवतात, त्याने आतड्याचं अस्तर मजबूत राहतं आणि शरीरातली सूज कमी राहते, शिवाय आतड्यापासून मेंदूपर्यंत व्हेगस नावाची नस थेट जाते.

आता घाई नको. हे लोक डिमेन्शियाचे पेशंट नव्हते, माणसं थोडी आणि काळ तीनच महिने. अमेरिकेत सेंट लुईसला २०२३ मध्ये १६४ धडधाकट वयस्कर लोक तपासले, त्यातल्या ४९ जणांच्या मेंदूत अल्झायमरची सुरुवात दिसत होती पण लक्षणं काही नव्हती, आणि त्यांच्या पोटातले बॅक्टेरिया बाकीच्यांपेक्षा वेगळे निघाले. पण बॅक्टेरिया आधी बदलले की मेंदू, ते त्यावरून कळत नाही.

इन्युलिन आपल्या कांद्या-लसणात असतंच, पण एकदम वाढवलं तर गॅसने हैराण व्हाल, हळूहळू वाढवा. आणि आई-बाबा खरंच विसरत असतील तर पावडर आणण्याआधी डॉक्टरांना दाखवून बी१२ आणि थायरॉइड तपासून घ्या, शाकाहारी घरांत बी१२ कमी असणं खूप कॉमन आहे आणि ते गोळ्या-इंजेक्शनने भरून काढता येतं.